उडत्या रोहितांमागची वायर: ठेवायची की पुसायची?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत गेलो होतो. भरती उतरायला लागली होती, चिखल उघडा पडत होता आणि नवी मुंबईकडच्या तळ्यांवरून रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) थवे परतत होते. त्यातली सात जणांची एक ओळ अगदी जवळून गेली. माना ताणलेल्या, पाय मागे सरळ, आणि बसलेल्या पक्ष्यात एरवी दिसत नाहीत ती काळी पिसं पूर्ण उघडलेली. शटर 1/2500, आयएसओ ऑटो, आकाश पांढुरकं म्हणून एक्स्पोजर +0.7. वीसेक फ्रेम मिळाल्या. सातही जणांचे पंख छान उघडलेले अशी फ्रेम एकच, आणि नेमकी तिच्यातच हाय टेन्शनची वायर आडवी!

घरी येऊन नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) कमी केला, सावल्या थोड्या उचलल्या, गुलाबी रंग जरा वाढवला आणि वायर पुसून टाकली. दहा मिनिटांचं काम. फोटो पक्षीमित्रांना दाखवला तर एक ज्येष्ठ म्हणाले, "हा फोटो नाही, चित्र आहे." तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. क्रॉप चालतो, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसलेला चालतो, मग वायरनेच काय घोडं मारलंय? पक्ष्याला तर मी हातही लावलेला नाही.

जुनी दुर्बीण

धूळ तुमच्या कॅमेऱ्यात होती, वायर खाडीत होती. दोन्ही एका मापाने कशा मोजता?

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतही धुळीचे ठिपके साफ केलेले चालतात, पण चित्रात काही घालायला किंवा त्यातून काही काढायला मनाई आहे. वरच्या फेरीत कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल मागतात.

आणि ही खाडी म्हणजे कुठला दूरचा निर्जन पाणवठा नाही. 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव गेलं, तरी दोन्ही काठांना शहर आहे, वरून पूल आहेत, तारा आहेत. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित मेले, ते याच खाडीच्या आसपास वावरणारे. या पक्ष्यांच्या वाटेत काय काय आडवं येतं ते तुमच्या फ्रेममध्ये आपसूक आलं होतं. तेवढंच तुम्ही पुसलंत.

भिंतीवरचा खिळा

काका, आपण प्रत्येक फोटो पंचनाम्यासाठी काढतो का? लग्नाच्या अल्बमात मांडवाचे बांबू दिसत नाहीत म्हणून लग्न खोटं ठरत नाही.

माझ्या हॉलमध्ये खाडीतल्या कुरवांचा (सीगलचा) मोठा प्रिंट आहे, वायरसकट. तेव्हा मीही तत्त्वाचा माणूस होतो. येणारा प्रत्येक पाहुणा आधी ती वायर बघतो. सासूबाईंनी तर विचारलं, "यावर कपडे वाळत घालतात का?" दोन वर्षं झाली, कुरवांबद्दल अजून एकानेही विचारलेलं नाही. धागाकर्त्या, बिनधास्त पुस. स्पर्धेला पाठवू नकोस, संपला विषय.

दोनशे टक्के

तत्त्वाचं तुम्ही बघा. मी फोटो दोनशे टक्के मोठा करून बघितला.

डावीकडून तिसरा पक्षी बघा. वायर त्याच्या उजव्या पंखाच्या टोकामागून जात होती ना? तिथे काळ्या पिसांची टोकं सुटी दिसायला हवीत, बोटं पसरल्यासारखी. तुमच्या फोटोत शेवटची दोन-तीन एकमेकांत वितळली आहेत. पाचव्याची गंमत तर वेगळीच. वायरचा एक तुकडा पुसायचा राहिला, तो पायांना समांतर आहे आणि वरून गुलाबी झालाय. म्हणजे त्या गरिबाला तीन पाय!

तेव्हा "पक्ष्याला हातही लावलेला नाही" हे वाक्य मागे घ्या. मोकळ्या आकाशातली वायर पुसणं सोपं, तिथे खाली आकाशच असतं. ती पिसांना भिडते तिथे मागे काय होतं ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं, ते अंदाजाने पिसं बनवतं. तिथे हाताने, छोट्या ब्रशने, एकेका पिसाच्या कडेपर्यंतच जायचं. नॉइज कमी करतानाही तेच. आकाशावर हवा तेवढा जोर लावा, पक्ष्याचा मास्क (तेवढाच निवडलेला भाग) वेगळा करून त्यावर निम्मा. नाहीतर पिसांचं प्लॅस्टिक होतं. शार्पनिंग सगळ्यात शेवटी आणि फक्त पक्ष्यावर.

अवांतर: ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते. त्या वेळचे लांबचे फोटो कशानेच सुधारत नाहीत. तासभर खटपट करण्यापेक्षा सरळ डिलीट करावेत.

खाडीकाठचा

तीन पाय खरंच आहेत. बायकोला दाखवलं, ती अजून हसतेय. तिसऱ्याचा पंख रॉवरून (कॅमेऱ्याच्या मूळ फाइलवरून) परत करतो. पण काम नीट झालं असतं तर तुमची हरकत नव्हती, असंच ना?

दोनशे टक्के

माझी नव्हती. दुर्बीणवाल्यांची असेल.

चिखलातला शेकाट्या

तुम्ही वायरीवर भांडताय, मी दुसरंच बघून आलोय. नेरूळच्या तळ्यावर भरतीच्या वेळी चारेकशे रोहित शांत उभे होते, बरेच एका पायावर, मान पिसांत. एक जण भलीमोठी लेन्स घेऊन आला, पाच मिनिटं वाट बघितली आणि जोरात टाळ्या वाजवल्या. अख्खा थवा उठला. त्याला हवा तो फोटो मिळाला असेल. त्या फोटोत एक पिक्सेल बदललेला नसेल, स्पर्धेच्या नियमातही तो चोख बसेल. भरतीत खाडीतला चिखल बुडालेला असतो, म्हणून तर ते तळ्यावर येतात. तिथूनही उठवलं तर बिचाऱ्यांनी टेकायचं कुठे?

वायर पुसणाऱ्याने निदान पक्ष्यांची झोप मोडली नाही. मला तो चालेल.

जुनी दुर्बीण

टाळ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. त्या माणसाला तिथेच टोकायला हवं होतं.

पण त्याची चूक मोठी म्हणून यांची माफ होत नाही. आता माझी दुसरी तक्रार ऐका, ती वायरपेक्षा मोठी आहे. धागाकर्त्याने गुलाबी रंग सरसकट वाढवलाय. मूळ फ्रेममध्ये शेवटचे दोघे राखाडी असावेत, पोटाशी अजून थोडा मळकटपणा दिसतोय. ती कमी वयाची पिल्लं. हा गुलाबी रंग शेवाळासारख्या खाण्यातून हळूहळू चढतो, जन्मतः नसतो. थव्यात पिल्लं किती आहेत हे बरेचदा फोटोवरूनच मोजतात. तुमच्या फोटोत मोजली तर शून्य.

भिंतीवरचा खिळा

काका, हॉलमध्ये बसून पिल्लं कोण मोजतंय?

जुनी दुर्बीण

मी मोजतो. मला हॉलमध्ये बोलावलंत तर तिथेही मोजीन.

खाडीकाठचा

रॉ उघडून बघितली. शेवटचे दोघे खरंच राखाडी आहेत, आणि खरं सांगू का, सगळ्या ओळीत तेच जास्त छान दिसताहेत. रंगाचा स्लायडर शून्यावर आणला. तिसऱ्याचा पंख परत केला, पाचव्याचा जादा पाय काढला.

वायर मात्र पुसलेलीच ठेवतोय. खाली लिहीन, "वायर काढली आहे." दुर्बीणकाका, चालेल?

जुनी दुर्बीण

नाही. पण लिहा.