गाणं एक समजत होतो, गोष्ट भलतीच निघाली

पोहेवाला_पुणे:
काल आईशी वाद झाला. 'ने मजसी ने' सावरकरांनी अंदमानात लिहिलं असं ती ठामपणे म्हणत होती आणि खरं सांगायचं तर मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं, समुद्र आहे तळमळ आहे म्हणजे काळं पाणीच असणार ना. शोधलं तर डिसेंबर १९०९, इंग्लंड, ब्रायटनचा किनारा! अशी अजून गाणी सांगा की.

सांजवात:
बरोबर आहे तुझं. अंदमानात ते पोचले जुलै १९११ मधे, गाणं त्याच्या दीड वर्ष आधीचं. पण १९०९ साल बघ ना कसं गेलं, जूनमधे थोरल्या भावाला बाबारावांना जन्मठेप, ऑगस्टमधे त्यांचे साथीदार मदनलाल धिंग्रांना फाशी आणि परीक्षा पास होऊनही बॅरिस्टरची सनद अडवलेली. ब्रायटनला सोबत होते निरंजन पाल, बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव. यांनीच पुढे बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' सिनेमा लिहिला, हे वाचून मी उडालेच होते. आणि शेवटचं कडवं नीट ऐक, तिथे विनवणी संपते आणि चक्क धमकी सुरू होते, थांब अगस्तीला सांगतो म्हणून, म्हणजे एका आचमनात अख्खा समुद्र प्यायलेला ऋषी. लहानपणी आपण 'बाबांना नाव सांगीन हं' म्हणायचो ना, तसंच.

रेडिओवेडा:
गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. पहिल्याच गाण्याचा कागद ऐनवेळी गायब! गीतकार गदिमा म्हणतात मी दिला, संगीतकार बाबूजी म्हणजे सुधीर फडके म्हणतात मला मिळालाच नाही, दोघंही तापलेले. शेवटी आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी गदिमांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि पंधरा मिनिटांत 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' पुन्हा लिहून तयार, असं सांगतात. आठवड्याला एक म्हणजे ५२ गाणी व्हायची, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५६ झाली.

खडूस_काका:
पंधरा मिनिटंवाले किस्से मी जरा शंका घेतच ऐकतो, दर वेळी सांगताना पाच मिनिटं कमी होतात. अधिक महिन्याचं मात्र भारी आहे, पंचांगामुळे गाणी वाढली. बीटल्सचं 'यस्टरडे' माहितीये का? पॉल मॅकार्टनीला चाल झोपेत सुचली, शब्द नव्हते म्हणून बरेच दिवस 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' म्हणत गायचा. एवढं रडवणारं गाणं आणि सुरवात अंडाभुर्जीने. वर ही चाल आपण कुणाची ढापली तर नाही ना, म्हणून ओळखीच्यांना विचारत फिरला.

पोहेवाला_पुणे:
अंडाभुर्जी 😂 आईला सगळा धागा वाचून दाखवला. ब्रायटन मान्य केलं, पण म्हणते मग शाळेत या गाण्यावर नाच बसवला तेव्हा मागे पुठ्ठ्याचा तुरुंग का केला होता, गज मी स्वतः रंगवलेत.