विषय: हॉलसमोरच्या बसस्टॉपवरची जाहिरात – रविवारच्या आत काय करायचं?

प्रेषक: हॉल बुकिंग

मंडळी, स्टॉपवर परत तसलीच जाहिरात लागली आहे. या वेळी जीन्सची. बाईच्या अंगात वर काही नाही, जीन्सची चेन उघडी, मागून एका पुरुषाचा हात, आणि तिचा चेहरा चौकटीबाहेर कापलेला. मागून दिवे असल्याने चार वाजता अंधार पडला की रस्त्यावर तेवढंच दिसतं. रविवारी हळदीकुंकू आणि बोरन्हाण आहे. अर्धी मंडळी लहान मुलं घेऊन त्याच स्टॉपवर उतरतात.

कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, द्यायच्या पत्राचा मसुदा जोडला आहे. आज रात्रीपर्यंत नावं कळवा. गेल्या उन्हाळ्यासारखं नुसतं बोलणं नको.

उत्तर: माजी सचिव

ताई, कळकळ पोचली, पण कौन्सिल हे दारच चुकीचं आहे. इंग्लंडमध्ये जाहिरातफलकांवर कौन्सिलचा अधिकार २००७ च्या जाहिरात नियंत्रण नियमांखाली चालतो आणि त्यात दोनच गोष्टी बघता येतात: परिसराची शोभा आणि सार्वजनिक सुरक्षितता. फलक फार मोठा आहे, सिग्नल झाकतो, दिवा डोळ्यांवर येतो, हे सगळं चालेल. चित्रात काय आहे हे त्यांना विचारात घेताच येत नाही. पत्र दिलंत तर ‘आमच्या कक्षेत नाही’ असं उत्तर येईल आणि तोवर रविवार उलटून गेलेला असेल. नगरसेवकाला फोन केलात तरी तो हेच सांगेल.

मजकुराची तक्रार अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे जाते, म्हणजे एएसएकडे. त्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म आहे, फी नाही. जाहिरात दिसल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावी. सह्या गोळा करू नका. एका माणसाची तक्रारही पुरते.

उत्तर: बालवर्ग पालक

एक तक्रार पुरते हे पटत नाही. शंभर सह्या गेल्या तर वजन पडणारच ना? आणि शाळेपासून शंभर मीटरच्या आत अशा जाहिराती लावायच्या नाहीत असा नियम आहे, तो का लावत नाही? दर शनिवारी आपली शाळा भरते तिथे!

उत्तर: छपाईवाले काका

सह्यांबद्दल. २०१५ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत पिवळ्या पार्श्वभूमीवर बिकिनीतल्या मुलीची ‘बीच बॉडी’वाली जाहिरात होती, आठवत असेल. एएसएकडे ३७८ तक्रारी गेल्या, वर सत्तर हजारांहून जास्त सह्यांची याचिका. चित्र आक्षेपार्ह आहे हा मुद्दा एएसएने फेटाळला. ती जाहिरात अडकली ती वजन घटवण्याच्या दाव्यांवर. उलट २०२३ च्या एप्रिलमधल्या केल्विन क्लाइन या कपड्यांच्या कंपनीच्या पोस्टरवर, ज्यात गायिका एफकेए ट्विग्ज होती, फक्त दोन तक्रारी होत्या आणि तरी निकाल विरुद्ध गेला. तिथे मोजदाद करत नाहीत, मुद्दा बघतात.

आता रविवारचं. एएसएचा निकाल रविवारपर्यंत येणार नाही, हे आधीच धरून चाला. ट्विग्जचा निकाल यायला जानेवारी २०२४ उजाडला. स्टॉपवरचं पोस्टर, १२०० बाय १८०० मिलिमीटरचं, साधारण दोन आठवड्यांच्या फेरीवर असतं. निकाल लागेल तेव्हा तिथे दुसरंच काही असेल. म्हणून दोन कामं वेगवेगळी करा.

पहिलं, जागेच्या मालक कंपनीला आजच फोन. कुठल्या कपड्यांच्या कंपनीची जाहिरात आहे ते सांगत बसू नका, पॅनेल क्रमांक सांगा. तो फ्रेमवर असतो, बहुधा खालच्या पट्टीवर छोट्या अक्षरांत, मालकाच्या नावाशेजारी. क्रमांकाशिवाय त्यांना जागा सापडत नाही, कारण एकाच नावाचे दोन स्टॉप असतात, येणारा आणि जाणारा, आणि पॅनेलला दोन बाजू. ‘हॉलसमोरचा’ म्हणून काही कळणार नाही. त्यांना काढ म्हणू नका. ‘दुसऱ्या ठिकाणी हलवा आणि इथे दुसरं लावा’ म्हणा. जाहिरात रद्द करण्यापेक्षा जागा बदलणं त्यांना सोपं जाईल.

दुसरं, फोटो. तीन हवेत: चित्र पूर्ण, फ्रेमवरचा क्रमांक वाचता येईल असा, आणि लांबून असा की स्टॉप आणि आपला हॉल एकाच फोटोत दिसेल. काचेवर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग येतो, तेव्हा फ्लॅश बंद करून जरा तिरकं उभं राहून काढा. स्क्रीन असेल तर जाहिरात दर काही सेकंदांनी बदलते, त्यामुळे व्हिडिओ काढून त्यातली चौकट घ्या. तारीख, वेळ आणि बसची दिशा लिहून ठेवा.

उत्तर: शाळा समिती

शाळेच्या नावाने कुठलंही पत्र समितीला न दाखवता जाऊ नये, ही पहिली विनंती. लेटरहेडचं आपलं ठरलेलं आहे.

शंभर मीटरबद्दल गैरसमज आहे. मुलांच्या बालपणाच्या व्यापारीकरणावर आणि लैंगिकीकरणावर सरकारने करून घेतलेला रेग बेलींचा अहवाल जून २०११ मध्ये आला. त्यानंतर त्याच वर्षी एएसएने रस्त्यावरच्या जाहिरातींतल्या लैंगिक चित्रांबद्दल भूमिका स्पष्ट केली, तिथून हा शंभर मीटरचा मुद्दा येतो. पण फलक बुक करताना ज्या शाळा वगळतात त्यांत भाड्याच्या हॉलमधली शनिवारची भाषाशाळा धरलेली असेल असं समजू नका. ‘आमची शाळा’ म्हणून मुद्दा मांडलात आणि ती नोंदीत नसली तर सगळी तक्रार ढिली पडते. मागच्या गल्लीतली प्राथमिक शाळा मात्र खरी शाळा आहे. तिच्या फाटकापासून स्टॉपपर्यंतचं अंतर नकाशावर मोजा. शंभरच्या आत आलं तर तोच मुद्दा सगळ्यात वर. नाही आलं तर शंभर मीटरचं नावही काढू नका, ‘लहान मुलांच्या रोजच्या वाटेवर’ एवढंच लिहा.

उत्तर: हॉल बुकिंग

मोजलं. एका बाजूच्या फाटकापासून आत येतं, मुख्य फाटकापासून नाही. कुठलं धरायचं? आणि मुरमुरे कोण आणतंय ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

उत्तर: हळदीकुंकू समिती

बाजूचं फाटक धरा, मुलं तिथूनच सुटतात. पण फॉर्ममध्ये दोन्ही अंतरं लिहा. एकच लिहिलं आणि त्यांनी दुसरं मोजलं तर आपण लपवलं असं दिसेल.

मसुद्यातलं दुसरं वाक्य मात्र काढाच. ‘स्त्रियांनी असे कपडे घालून उभं राहणं आपल्या संस्कृतीत बसत नाही’ हे आपल्या कोणाच्याही नावाने जाता कामा नये. तक्रार त्या मुलीबद्दल नाही. मे २०१३ मध्ये घाटकोपरच्या एका नगरसेविकेच्या मागणीवरून मुंबई महापालिकेने दुकानांबाहेरच्या अंतर्वस्त्रांच्या पुतळ्यांवर बंदीचा ठराव मंजूर केला होता. पुतळ्यांमुळे अत्याचार होतात, असा त्यामागचा तर्क होता. आपण तीच वाट धरायची का? मी तरी धरणार नाही.

ट्विग्जचा निकाल पुढे कुठे गेला तेही बघा. स्त्रीला वस्तू केलं असं एएसएने आधी म्हटलं, ट्विग्जने स्वतः ते नाकारलं, आणि मार्च २०२४ मध्ये एएसएने तो भाग मागे घेतला. टिकला तो एकच मुद्दा: येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा जागी ते चित्र लावणं योग्य नव्हतं. म्हणजे जागेचा मुद्दा भक्कम आहे. आपल्या चित्रात चेहरा कापलेला आहे, जीन्स जेमतेम दिसते, हात आहे. हे जसं दिसतं तसं लिहा, विशेषणं नकोत. ‘अश्लील’, ‘घाणेरडं’ लिहिलं की वाचणारा आपल्याला सोवळं समजून पुढे जातो.

उत्तर: बालवर्ग पालक

घाटकोपरचं काढलंत म्हणून. १९९५ ची बुटांची जाहिरात, मिलिंद सोमण आणि मधु सप्रेची, अजगरवाली. मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला आणि आरोपी सुटले ते २००९ साली. चौदा वर्षं! कोर्टकचेरीच्या वाटेला कोणी जाऊ नये, एवढंच. बाकी ताई, तुमचं वाक्याबद्दलचं म्हणणं मान्य.

उत्तर: युवा गट

आम्ही रविवारी सकाळी त्या काचेवर हळदीकुंकवाचं मोठं पोस्टर चिकटवू शकतो. दहा मिनिटांचं काम.

उत्तर: माजी सचिव

मुळीच नाही. गोंदाने काच किंवा फ्रेम खराब झाली तर १९७१ च्या क्रिमिनल डॅमेज कायद्यात बसतं, आणि पोस्टरवर मंडळाचं नाव आणि हॉलचा पत्ता असणार. विनापरवाना चिकटवणं हा वेगळा गुन्हा. दंड मंडळाला येईल आणि बातमी त्या जाहिरातीच्या फायद्याची होईल. तुमच्याकडे माणसं आहेत तर रविवारी चार जण पुढच्या स्टॉपवर उभे करा आणि बाबागाड्यावाल्यांना तिथूनच हॉलकडे आणा. तिथला फुटपाथही रुंद आहे.

एक दुरुस्ती सगळ्यांसाठी. स्टॉप टीएफएलच्या, म्हणजे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या लंडनच्या वाहतूक संस्थेच्या, हद्दीत असेल तर त्यांच्या जाहिरात धोरणाचाही आधार आहे. अंतर्वस्त्रांच्या जाहिरातीत कमी कपडे चालतात, पण उघडपणे लैंगिक संदर्भातली अर्धनग्न चित्रं चालत नाहीत, असं त्यात आहे. फोन करताना हे सांगा. एएसएच्या फॉर्ममध्ये मात्र हे घालू नका, ते स्वतःच्या संहितेनेच बघतात: जबाबदारीसाठी नियम १.३, गंभीर आक्षेपासाठी नियम ४.१.

उत्तर: शाळा समिती

मग हा मजकूर, इंग्रजीत मी करते:

‘बसस्टॉपच्या पॅनेलवर जीन्सची जाहिरात आहे. कंबरेच्या वर नग्न स्त्री, चेहरा चौकटीबाहेर, जीन्सची चेन उघडी, मागून पुरुषाचा हात. पॅनेल रात्रंदिवस उजळलेलं असतं. प्राथमिक शाळेच्या बाजूच्या फाटकापासून व मुख्य फाटकापासूनची अंतरं सोबत. मुलं बसची वाट पाहताना हे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. कपड्यांची जाहिरात करण्यास आमची हरकत नाही. हे चित्र या जागी, सर्व वयांच्या लोकांसमोर लावण्यास आहे.’

तक्रार एका पालकाने स्वतःच्या नावाने करावी, मंडळाच्या नव्हे. सामान्य नागरिकाचं नाव एएसए उघड करत नाही, संस्थेचं निकालात छापलं जाऊ शकतं. त्यामुळे लेटरहेडचा प्रश्नच मिटतो.

उत्तर: बालवर्ग पालक

मी करतो. शाळेच्या दोन्ही फाटकांची अंतरं पाठवा.

उत्तर: छपाईवाले काका

मजकूर चांगला आहे. ‘डोळ्यांच्या उंचीवर’ राहू द्या, फोटोत एखादं बाकडं आलं तर उंची आपोआप कळते. मात्र कोणाचंही मूल फोटोत नको.

मालकाच्या कंपनीला फोन केला. क्रमांक विचारतात. ताईंनी पाठवलेल्या फोटोत शेवटचे दोन अंक काचेच्या चकाकीत गेले आहेत. त्यांचं ऑफिस साडेपाचपर्यंत उघडं आहे. आता त्या बाजूने कोण जाणार आहे?

उत्तर: युवा गट

मी बसमध्येच आहे, वीस मिनिटांत तिथे पोचतो. दोन्ही बाजूंचे क्रमांक पाठवतो. मुरमुरेही मीच आणतो, किती किलो ते सांगा.