टाचदुखीसाठी धावायचे बूट कोणते घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीची, वय ४६. दोन वर्षं रोज पहाटे मांडवीहून भाट्याच्या पुलापलीकडे धावत जाऊन येते. गेले तीन महिने उजवी टाच धरलीय. अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं की खिळा रुतल्यासारखी कळ येते, दहा-बारा पावलांनी ओसरते. डॉक्टरांनी प्लांटर फॅसायटिस सांगितलं, म्हणजे टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंतचा तळव्याचा जाड पट्टा दुखावलाय. पोटरीला ताण द्यायचे व्यायाम करा, घरातही अनवाणी फिरू नका आणि मऊ तळाचे बूट घ्या म्हणाले. (घरात चप्पल घालायची, हे सासूबाईंना पटवायला आठवडा गेला.) वाळूत धावणं बंदच केलंय, किनारा पाण्याकडे उतरता असल्यामुळे एक पाय सतत खाली पडायचा.

अडलंय ते बुटांपाशी. दोन बूट मनात आहेत, होका क्लिफ्टन ९ आणि असिक्स जेल-निंबस २६. टाचेखालचा आणि चवड्याखालचा तळ यांच्या उंचीतला फरक क्लिफ्टनमध्ये ५ मिमी, निंबसमध्ये ८ मिमी. फरक जास्त असला की पोटरीवरचा ताण कमी होतो, म्हणून मन निंबसकडे झुकतंय. पण इतक्या मऊ तळावर पाऊल डगमगतं का? इथे दोन्ही घालून बघायला मिळाले नाहीत. न बघता मागवू, की कोल्हापूरला जाऊन पायात घालूनच घेऊ?

आणि आपल्या पावसात भिजलेले असे जाड बूट तुम्ही वाळवता कसे? टाचदुखीतून बरं झालेल्या कुणीतरी नक्की सांगा. धावणं सोडायचं नाहीये मला.