दवाखान्यात 'अर्जंट'चे जास्त पैसे देऊन पुढे जाणं पटतं का?

द्वारकेचा ट्रॅफिक : परवा पोराला ताप म्हणून गंगापूर रोडला एका दवाखान्यात नेलं. नंबर १४. बारा नंबरला गाडी अडकली ती अडकलीच. टेबलावर दोन वह्या, साधे ४०० आणि अर्जंट ८००. एक जण नुसता रिपोर्ट दाखवायला आलेला, गाडीची किल्ली बोटात फिरवत आत गेला. माझ्या मांडीवर पोरगं फणफणलेलं. अर्जंट कोण, हे तापावरून ठरवायचं की पाकिटावरून?

कॉलेजरोडची सून : मग तुम्हीही भरायचे ८००. सासूबाईंना दोन तास बाकावर बसवत नाही, मी दर वेळी भरते. पासपोर्टला साधे १५००, तत्काळ हवा तर वर २००० सरकारच घेतं. रेल्वेतही तत्काळ आहेच. तिथे कुणी ओरडत नाही!

द्वारकेचा ट्रॅफिक : ताई, रेल्वेचा तत्काळ कोटा आधीच बाजूला काढलेला असतो. माझं कन्फर्म तिकीट काढून तुम्हाला देत नाहीत. इथे डॉक्टर एकच. तुमची दहा मिनिटं माझ्यातूनच जातात, आणि वरचे ४०० मला नाही, डॉक्टरला मिळतात.

सातपूर सेकंड शिफ्ट : मी कंपनीत कामगार आहे आणि दोनदा अर्जंटचे भरलेत. खाडा पडला तर त्याहून जास्त कापतात. श्रीमंतांचेच चोचले म्हणू नका.

जुन्या नाशकातला : पूर्वी वशिला लागायचा. त्र्यंबकला २०० रुपयांचं देणगी दर्शन आहे, पावती फाडली की कुणीही जावं. ओळखीपेक्षा पावती बरी. व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०२५ मध्ये ऐकून घेतली नाही.

पंचवटीकर : अर्धंच सांगताय. खास वागणूक नसावी असं आपलं मत असू शकतं, हेही कोर्ट तेव्हाच म्हणालं. फक्त आदेश न देता निर्णय समाजावर आणि देवस्थानांवर सोडला. आणि पावती आली म्हणून वशिला कुठे गेला? आमदाराची गाडी पावती फाडते का? ज्या नाशकात १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह झाला, तिथे आज देवापुढे दोन रांगा!

जुन्या नाशकातला : ही तुलना नको. तिथे माणसाला दारच बंद होतं, जातीमुळे. इथे उशीर होतो, एवढंच. दोन्ही एका मापात मोजलंत तर त्या लढ्याचीच किंमत कमी होते.

पंचवटीकर : हे मान्य. शब्द मागे घेतो. रांगेबद्दलचे नाही.

कॉलेजरोडची सून : ते जाऊ द्या. बाळ कसंय आता? आणि खरंच फणफणलेलं असेल तर टेबलावरच्या बाईंनी स्वतःहून आत सोडायला हवं होतं. हे मात्र चुकलंच त्यांचं, फी कितीही असो.

द्वारकेचा ट्रॅफिक : ताप उतरलाय. नंबर साडेदहाला लागला. उद्या परत दाखवायला बोलावलंय. बायको म्हणतेय, तिकडे धाग्यावर काय भांडायचं ते भांडा, उद्या गुपचूप अर्जंट लावा.