‘सतत वाढतं’ की ‘वर्षागणिक वाढतं’?

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावर मुलांसाठी टिपण लिहिते आहे. आधी लिहिलं, ‘हे प्रमाण सतत वाढत आहे’. दोन ओळींखाली लिहिलं, ‘मे ते सप्टेंबर ते घटतं’. मुलीने वाचलं आणि विचारलं, “मग सतत कसं?” कोणता शब्द घालू?

उत्तर : मुलीने नेमकं पकडलं. ‘सतत’ म्हणजे खंड न पडता, आणि इथे खंड दरवर्षी पडतो. ‘वर्षागणिक’ लिहा. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या मोजणीचा आलेख काढून बघा. रेघ करवतीसारखी दातेरी दिसते. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, तिथली झाडं जून ते ऑगस्टच्या उन्हाळ्यात हा वायू ओढून घेतात, म्हणून मेमध्ये शिखर गाठलेली रेघ सप्टेंबरअखेरपर्यंत साधारण ६ पीपीएमने उतरते. (पीपीएम म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंत या वायूचे किती, ते. मुलांना हे आधी सांगाच.) याला मी ‘हेलकावा’ म्हणेन. ‘चढउतार’ चुकीचा नाही, पण त्यात बाजारभावासारखा बेभरवसा ऐकू येतो. हेलकावा ठरल्या वेळी परततो.

आता पट्टी घ्या आणि फक्त मे महिन्यांचे बिंदू जोडा. दाते नाहीसे होतात, उरतो तो ‘कल’. १९५९ ची सरासरी ३१६ पीपीएमच्या आसपास होती, २०२४ ची ४२४ च्या वर गेली.

पण कल आणि चढ एकच ना?

उत्तर : नाही, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. कल दिशा सांगतो. चढ म्हणजे रेघ किती उभी आहे ते. गणितात ‘रेषेचा चढ’ म्हणतात तोच. १९६० च्या दशकात वर्षाला १ पीपीएमहूनही कमी भर पडायची, अलीकडे २ हून जास्त पडते. कल तोच राहिला, चढ वाढला. म्हणून एखाद्या वर्षी भर कमी पडली तर ‘वाढ कमी झाली’ असं मोघम लिहू नका, वाचणारा पातळीच उतरली असं समजतो. ‘वाढीचा वेग मंदावला’ लिहा.

वाक्य बदललं : ‘हे प्रमाण दरवर्षी मे ते सप्टेंबर हेलकावा खाऊन उतरतं, तरी वर्षागणिक वाढतंच आहे.’ मुलीने मान डोलावली.