दुर्मीळ पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकायला कायद्याने परवानगी दिलेली नाही

हक्कपान:
ग्रंथपालांच्या गटात परवा एक पोस्ट फिरली: "बाजारात न मिळणारं पुस्तक बिनधास्त स्कॅन करा आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. ग्रंथालयाला तीन प्रतींची सूट आहे, आणि दहा टक्के झेरॉक्स तर चालतेच." त्याखाली शंभर अंगठे. ग्रंथपालच असं लिहायला लागले म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(ओ) पूर्ण वाचा. पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तर अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या निर्देशाने जास्तीत जास्त तीन प्रती, आणि त्याही *ग्रंथालयाच्या वापरासाठी*. दोनशे जणांच्या ग्रुपवर फाइल टाकली की दोनशे फोनांत प्रत उतरली. तिथे तीन कुठे राहिले?

२०१२ च्या दुरुस्तीने ५२(१)(एन) आलं. छापील प्रत आपल्याकडे असेल तर जतनासाठी डिजिटल साठवण करता येते. जतनासाठी, वाटपासाठी नव्हे. आणि दहा टक्के हा आकडा भारतीय कायद्यात कुठेच नाही.

जीर्णविभाग:
कलमं बरोबर आहेत, पण या सुराचा परिणाम काय होतो ते बघा. ग्रंथपाल घाबरतो आणि कायद्याने दिलेलंही करत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा आम्लयुक्त कागद पान उलटताना कडेने तुटतो. तारेची शिलाई गंजते आणि मधली पानं सुटतात. अशी पुस्तकं निर्लेखनात जातात, म्हणजे नोंदीतून काढून टाकली जातात, आणि विषय संपतो. त्यांचं स्कॅनिंग आज व्हायला हवं.

आणि वाचकांचा हक्क का विसरता? ५२(१)(ए) मध्ये खासगी वापर आणि संशोधन आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठीच्या प्रतींना टक्केवारीची मर्यादा लावली नाही. शिकवण्याच्या हेतूसाठी किती गरजेचं आहे, हे पाहिलं.

हक्कपान:
तो निकाल शिक्षक-विद्यार्थ्यांच्या कलमावर, ५२(१)(आय) वर आहे. गावच्या वाचनालयाच्या ग्रुपला तो लावू नका. एका अभ्यासकाने एक प्रकरण मागितलं आणि तुम्ही काढून दिलंत, तर माझा आक्षेप नाही. न मागता सगळ्यांना पाठवणं वेगळं.

स्कॅनिंग कराच, पण रीतीने. पुस्तक विक्रीला नाही हे दाखवायला आधी प्रकाशकाला पत्र, दोन विक्रेत्यांकडे चौकशी, उत्तरं तारखेसह फाइलला. मग ग्रंथपालाचा लेखी आदेश, त्यात दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक). पुस्तक काचेवर दाबू नका, कणा फुटतो. व्ही आकाराच्या आधारावर ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपा, ३०० डीपीआय, मूळ फाइल टिफमध्ये.

देवघेव:
कॉपीराइटची मुदत संपलेल्या पुस्तकांचं काय? त्यांनाही हात लावायला लोक घाबरतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. सावरकर १९६६ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०२७. अत्रे १९६९, म्हणजे २०३०. मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, एवढंच.

नेहमीची चूक म्हणजे पुस्तकाच्या हक्कपानावर, म्हणजे हक्कांची नोंद असलेल्या पानावर, "© सौ. अमुक" असतं आणि लोक त्या बाईंच्या निधनापासून मोजतात. हक्क पत्नीच्या नावे असला तरी मुदत लेखकाच्याच मृत्यूपासून.

हक्कपान:
"एवढंच" नाही. मोकळ्या लेखकाच्या नव्या आवृत्तीला १९९५ ची प्रस्तावना असते, टिपा असतात, मुखपृष्ठ असतं. त्या प्रत्येकाची मुदत वेगळी. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचाही मृत्यू बघा. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर शेवटी गेलेल्यापासून. जुनी आवृत्ती हातात असेल तर तीच स्कॅन करा, निम्मे प्रश्न सुटतात.

अंकवाला:
मुद्दा दिवाळी अंकांचा आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाही! चाळीस वर्षांचे गठ्ठे कपाटात कुजतायत. मासिक बंद, संपादक गेले, कार्यालय नाही. परवानगी मागायची कुणाकडे? हे अंक ऑनलाइन टाकले तर नुकसान कुणाचं?

हक्कपान:
मासिक बंद पडलं म्हणून हक्क संपत नाही, आणि बहुतेक हक्क मासिकाचा नव्हताच. बाहेरच्या लेखकाने कथा दिली, मानधन घेतलं, तरी लेखी हस्तांतरण नसेल तर हक्क त्याचाच. नोकरीतल्या माणसाचं लेखन असेल तर, वेगळा करार नसल्यास, नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी लेखकाचा. पैसे देऊन काढवून घेतलेलं मुखपृष्ठाचं चित्र मात्र सहसा काढवून घेणाऱ्याचं. एका अंकात तीस नावं म्हणजे तीस मृत्युवर्षं.

अंकवाला:
म्हणजे कुजू द्यायचं! तीस वारसांचे पत्ते शोधण्यात ग्रंथपालाची नोकरी संपेल. कायदा करणाऱ्यांनी वाळवी पाहिलेली नाही.

जीर्णविभाग:
इथे मी अंकवाल्यांच्या बाजूने आहे. कलम ३१ए वाट देतं, पण कशी? लेखक मृत, अज्ञात किंवा न सापडणारा असेल तर परवान्याचा अर्ज, त्याआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात. ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात छोट्या वाचनालयाला तो खर्च झेपेल का?

हक्कपान:
झेपणार नाही, मान्य. ते कलम छोट्या ग्रंथालयासाठी निरुपयोगी आहे. पण अडचण खरी असली म्हणून वाटप कायदेशीर होत नाही. अंक स्कॅन करून ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवा. जतन म्हणजे तेच, वाळवीचा प्रश्न सुटला.

देवघेव:
आणि सूची करा. शीर्षक, लेखक, साहित्यप्रकार, वर्ष, पृष्ठ क्रमांक. ही माहिती आहे, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. ती ऑनलाइन टाका. अभ्यासकाला कळेल कुठल्या अंकात काय आहे, तो एक लेख मागेल, तुम्ही द्याल. अजून एक: ५२(१)(झेडबी) खाली अंध वाचकासाठी अख्खं पुस्तक ध्वनिमुद्रित करता येतं. नफा घ्यायचा नाही, आणि ती प्रत इतरांत फिरणार नाही याची काळजी घ्यायची. हे किती वाचनालयं करतात?

जीर्णविभाग:
फार थोडी. यावरच लिहायला हवं होतं, दमदाटीवर नव्हे.

हक्कपान:
दमदाटीचा सूर लागला असेल, तो मागे घेतो. कलमं मागे घेत नाही.

अंकवाला:
पटलेलं नाही, पण सूची करतो. १९६१ पासून सुरुवात. प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो मात्र लावणार.

हक्कपान:
थांबा. आधी सूचीत चित्रकाराचं नाव आणि मृत्युवर्ष हे दोन रकाने आखा. ते भरेपर्यंत फोटो तुमच्याच संगणकावर राहू द्या.