तळघराला बाहेरून वेगळा दरवाजा: पाया उघडा पडतोय, मदत हवी आहे

तळघराची फरशी जमिनीखाली ६ फूट. पाणी आत शिरू नये म्हणून दारासमोरचा बाहेरचा खोलगट चौक तिच्याहून ६ इंच खाली, म्हणजे साडेसहा इंचांच्या १२ पायऱ्या. त्याखाली ४ इंच काँक्रीट, ६ इंच खडी. अडचण इथेच आहे: पायाचा तळ फरशीखाली जेमतेम १० इंच, म्हणजे खोदाई त्याच्याही ६ इंच खाली जाते. आधाराची माती सुटली की भिंत खचणारच. ३-३ फुटांचे तुकडे एकाआड एक खोदून पायाखाली काँक्रीट भरायचं ठरलंय, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंगही आहे.

कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं: नवं काँक्रीट आणि जुना पाया यांच्यामधली वरची फट कोरड्या मसाल्याने (अगदी कमी पाण्याचं सिमेंट-वाळूचं मिश्रण) ठासण्याआधी किती दिवस थांबता? आणि चौकातली पाणी निचऱ्याची जाळी पानांनी तुंबतेच. दुसरी जाळी कुठे बसवावी?